फॉल्ट

कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं
दिवा लाल झाला की मी कारण शोधायचो.
जानेवारीत रिटायर झालो,
फेब्रुवारीत मानेवाड्याच्या आमच्या गच्चीवर
कापलेल्या निळ्या पिंपात काकडीच्या सहा बिया टोचल्या.

चार उगवल्या.
दोन उंदरानं नेल्या, असं मी इंदूला सांगितलं.
खरं म्हणजे बोट जास्त खोल गेलं होतं.

मार्चमध्ये वेल सुसाट,
डिशच्या तारेला तणावे घालून मोकळी.
रोज दहा-बारा पिवळी फुलं
आणि संध्याकाळी सगळी खाली, पिंपात.
सप्लाय आहे, लोड आहे, आउटपुट शून्य.
शेजारच्या गच्चीवरून हेडाऊ काकू म्हणाल्या,
"नर फुलं आहेत ती, भाऊ. बाया मागून येतात.
घाई काहून करून राहिले?"

आल्या.
देठाशी पेराएवढी केसाळ काकडी घेऊनच आल्या,
आणि त्याही पिवळ्या पडून वाळल्या.
तपासलं, तर उन्हासाठी बांधलेली हिरवी नेट
चारही बाजूंनी बंद.
मधमाशीला गेटपासच नव्हता.

मग सकाळी साडेसहाला
पोराच्या चित्रकलेच्या परीक्षेतला चार नंबरचा ब्रश घेऊन
मी एका फुलाची पिवळी धूळ दुसऱ्या फुलात ठेवू लागलो.
काकूंनी एकदा पाहिलं, पाठ फिरवली,
आणि अजून न घातलेले पापड
उलटे करू लागल्या.

काकडी धरली. पहिली वाकडी निघाली,
धूळ एकाच बाजूला पडली असणार.
वाकडी चालते. आमच्या पूर्ण बॅचमध्ये
सरळ कोण होतं?

मध्येच पानांवर भुरी आली,
जशी कोणी पावडर थापून वरातीला निघालीय.
आंबट ताक पाण्यात मिसळून फवारलं.
"माझ्या कढीला ताक नाही, वेलीला आहे,"
इंदू म्हणाली. पाच दिवसांत तिचं ते पहिलं वाक्य.

एप्रिल. कूलर सुरू.
त्याच्या टाकीतलं उरलेलं पाणी मी
काटकसरीनं वेलीला घालत होतो,
पानांच्या कडा जळत होत्या, मी उन्हाला शिव्या देत होतो.
मग टाकी घासताना नखात पांढरा थर आला.
बोअरचं क्षार महिनाभर आटवून
मीच मुळांना पाजत होतो.

पण खरा फॉल्ट पुढे होता.
खालची पानं पिवळी, माती चिखल.
आठ दिवसांनी तीच माती तडकलेली, पारा चव्वेचाळीस,
आणि काकडी अशी कडू
की जीभ संध्याकाळपर्यंत वळेना.
देठाकडून कापली, मीठ लावून घासली, फेस काढला.
साल काढली. तरी कडूच.

मी वहीत सगळं मांडलं, खत, ऊन, बी, वार.
इंदूनं वही पाहिली आणि म्हणाली,
"पाणी तर मी घालते ना दुपारी जेवण झाल्यावर."
मी म्हटलं, "मी घालतो, सकाळी."

म्हणजे एकाच पिंपाला दोन फीडर,
एकमेकांना पत्ता नाही.
आणि त्या आठवड्यात, जावयाच्या त्या फोनवरून
आम्ही बोलत नव्हतो तेव्हा,
तिला वाटलं मी घातलं, मला वाटलं तिनं.
वेलीनं दोन्ही नोंदवून ठेवलं.

गच्चीच्या दारावर खडूनं शिफ्ट लिहिल्या.
सकाळी ती, संध्याकाळी मी. पिंपात पालापाचोळा अंथरला.
तिसऱ्या दिवशी ती माझ्या शिफ्टला
स्टूल घेऊन येऊन बसली. बोलली काही नाही,
तुटलेला एक तणावा उचलून तारेवर ठेवला.

आता जेवताना ती देठाकडचा तुकडा आधी कापते,
स्वतः चावते.
चेहऱ्यावरून काहीच कळत नाही.
मी थांबतो.
मग ताटली माझ्याकडे सरकते.