दोनाला एक

फळीवर खडूने एवढंच लिहिलंय: दोनाला एक.
वाचलेली दोन द्या, न वाचलेलं एक न्या.
पैसे नकोत असं नाही,
पण पैसे सगळ्यांकडे नसतात.
वाचून झालेलं काहीतरी असतंच.

दर रविवारी उजाडायच्या आत
मोंतेविदेओतल्या या उतारावर माझी गाडी लागते.
शेजारी जुने नळ विकणारा, पलीकडे कोंबडीची पिल्लं,
आणि खाली नदीवरून येणारा वारा,
सगळ्यात जुना फुकट्या वाचक:
पानं उलटतो, मिटतो, काही नेत नाही.

नेलिदा पहिल्यांदा आली ती भावाचं मयत झाल्यावर.
मांसाच्या कारखान्यात कामाला, हात कायम गार.
म्हणाली, चौसष्ट पुस्तकं मागे ठेवून गेलाय,
सगळी खुनाची नाहीतर घोड्यांची,
माझी सगळी वाचून झालीत, आता?
आता बत्तीस, मी म्हटलं.
मग?
मग सोळा. मग आठ.
ती बोटांच्या पेरांवर मोजत राहिली.
म्हणजे शेवटी एकच उरणार, वाल्देमार.
हो, पण वाटेत त्रेसष्ट वाचून होतील, बाई.
बुडीत धंद्यात एवढी बरकत कुठे असते?

रविवारी दोन, असं सव्वा वर्ष.
मी तिची पुस्तकं हातात घेतली की कळायचं,
ही तिच्याकडची: गार.
आत बसचं तिकीट, कांद्याच्या सालीचा तुकडा,
एकदा वजनाची पावती, एकशे बारा किलो,
कशाचं ते विचारलं नाही.
मी आतलं काही काढत नाही.
उष्टं पुस्तक घ्यायचं तर उष्ट्यासकट घ्यावं.

कधी कुरकुरायची: हे मी वाचलंय, टेकडीवरच्या वाचनालयातलं.
तिथे तीन मिळतात, पंधरा दिवसांसाठी.
उशीर झाला तर दंड पैशांत नाही, दिवसांत:
जितके दिवस उशीर, तितके दिवस पुस्तक नाही.
आठ दिवस काय करायचं माणसाने, सांग.
भिंत वाचायची?
म्हणून तुझ्याकडे येते.
(मी दुसरी पसंती, हे मला तिथे कळलं.)

शेवटचं एक मी मुद्दाम दिलं.
शेवटची पानं फाटलेली होती त्याची,
कुणीतरी वहीचा कागद टाचला होता
आणि निळ्या शाईत लिहिलं होतं:
खून माळ्याने केला.
त्याखाली दुसरं अक्षर, पेन्सिलीतलं, रागावलेलं:
साफ खोटं. माळ्याला गोवलंय. तो फक्त झोपला होता.

पुढच्या रविवारी ती एकच घेऊन आली.
पिशवी नव्हती, कोटाच्या आत धरलं होतं.
एकाला काही मिळत नाही ना?
नाही, मी म्हटलं. फळीकडे बोट केलं.
फळी मीच लिहिलेली, तरी बोट केलं.

मग राहू दे तुझ्याकडेच, म्हणाली, आणि उतारावरून गेली.
नळवाल्याच्या गाडीपाशी थांबली,
एक तोटी उघडून बघितली, बंद केली.

मी पुस्तक उघडलं.
निळ्या आणि पेन्सिलीच्या खाली तिसरा कागद,
कारखान्याच्या वजनपावतीची पाठकोरी बाजू.
तिथे माळी निर्दोष सुटतो, आणि ज्याचा खून झाला
तो रविवारी दुपारी घरी येतो,
बूट दारात काढतो, विचारतो,
माझी पुस्तकं कुठे गेली?
आणि बहीण म्हणते, बस, एकेक करून सांगते.
एवढंच. तिथे कागद संपतो.

मी पिल्लंवालीला गाडीकडे बघ म्हटलं
आणि या गुडघ्यांनी उतारावर पळालो.
तिच्या हातात दोन कोंबली, कुठली ते न बघता.
एकाला दोन.
कुणाला सांगू नका, उद्या रांग लागेल.

पुढच्या रविवारी ती दोन आणेल, एक नेईल.
त्याच्या पुढच्या रविवारी ते एक आणेल.
नळवाला म्हणतो, तुला गणित येत नाही.
येतं.
फळी पुसायला ओलं फडकं सापडत नाहीये, एवढंच.