दहीपुलाकडे

आडनाव गायधनी.
राहायला दूधबाजाराच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर,
मुलीची शाळा दहीपुलाच्या पलीकडे,
आणि मुलीला दूध चालत नाही.
केसपेपरवर नाव लिहिता लिहिता
डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं.
म्हटलं, हसा हो, आम्हीही हसतो
आता. तेव्हा नव्हतो हसत.

सहा वाजून दहा. ज्योत्स्ना पहिल्या पाळीला गेली सिव्हिलमध्ये,
मी सातपूरहून रात्रपाळी उरकून आत्ताच आलोय,
तीनदा साबण लावला तरी बोटांना कूलंटचा वास.
डिसेंबर. निफाडला म्हणे पाच अंश.
इथे बाटलीतलं खोबरेल पांढरं पडून बसलंय
दुधासारखं.

बेसन दोन मुठी. मुठी माझ्या, म्हणजे भरपूर.
ओवा चोळून, हळद, मीठ, कोथिंबीर काड्यांसकट,
कांदा लासलगावचा,
भाव चढो की पडो, डोळ्यांतून पाणी तेवढंच काढणारा.
तव्यावर धिरडं ओतलं की
स्वयंपाकघरातली थंडी एक पाऊल मागे सरते.

ब्रेड मात्र गल्लीतला नाही.
बेकरीवाला शपथ घेतो, यात दुधाचा थेंब नाही साहेब,
आणि भट्टीआधी पावांवरून ब्रशने कसला तरी हात फिरवतो.
ते होय? ते चकाकीसाठी.
चकाकी!
म्हणून पाकीटबंद. पाकिटामागची मुंगीएवढी अक्षरं
मी मायक्रोमीटर वाचतो तशी वाचतो,
एक डोळा मिटून, शतांश मिलिमीटरपर्यंत.
दूध भुकटी कुठे कुठे दडते म्हणून सांगू,
बिस्किटात, सूपच्या पुडीत,
एकदा तर वेफर्सच्या मसाल्यात सापडली.

लोण्याच्या जागी शेंगदाणे,
मिक्सरमध्ये तेल सुटेस्तोवर फिरवलेले, वर लिंबू.
धिरड्याची चौकोनी घडी, टोमॅटोची चकती, दुसरी स्लाइस,
आणि दाब म्हणून वर एक लोखंडी ठोकळा,
कंपनीच्या भंगारातून विचारून आणलेला,
घासून, तापवून, तेल पाजून माणसात आणलेला.
एक बाजू तीन मिनिटं. दुसरी दोन.

ऋजुता येते, स्वेटर उलटा.
बाबा, नारळाच्या दुधाला दूध का म्हणतात?
पांढरं असतं म्हणून.
वडाचा चीक पण पांढरा असतो.
तो कुणी पीत नाही.
मग मी गायधनी कशी?
धनी आहेस. फक्त गाय वगळून.
तिला हे पटत नाही, पण भूक लागलेली असते.

ती पहिला घास घेते
आणि मी ओट्याकडे वळल्यासारखं करून
स्टीलच्या डब्यात तिचे ओठ पाहत राहतो.
दोन वर्षं झाली, सवय जात नाही.
मावशीकडचं बारसं, पेढ्याचा जेमतेम एक कण,
मग ओठ, मग डोळे, मग तो शिट्टीसारखा श्वास.
शालिमारच्या सिग्नलला मी माणूस नव्हतो,
नुसता हॉर्न होतो.

ओठांवर शेंगदाण्याचा एक दाणा.
बस. एवढंच.

उरलेलं अर्धं ती स्वतःच डब्यात भरते.
ते तन्वीरचं.
त्याला सगळं चालतं, लोणी, चीज, मलई,
तरी मधल्या सुट्टीत हेच हवं असतं,
आणि वर म्हणतो, कांदा कमी घाल सांग तुझ्या बाबांना.

कडा तिने नेहमीप्रमाणे ताटलीतच ठेवल्यात.
मी उभ्यानेच खातो, कोऱ्या चहाबरोबर.
शपथ वगैरे काही घेतली नव्हती,
एक दिवस भगुनं तापत ठेवायचं राहून गेलं, मग राहूनच गेलं.

खालून शफीकभाईंची रिक्षा गुरगुरते,
चला चला, दहीपूल!
उलट्या स्वेटरमधली माझी मुलगी
दोन दोन पायऱ्या गाळत उतरते.
ठोकळा अजून गरम आहे.
त्यावर मी हात शेकत उभा राहतो.