प्रकरण चौथे : रोपांची वाढ

डॉक्टर वुबशेत समासात लाल पेनाने लिहितात, तिरपं :
रोप ‘ग्रो अप’ होत नाही. मुलं होतात.
रोप नुसतं ‘ग्रो’.
येशीहारेग ‘अप’वर काट मारते.
वर नाही तर मग कुठे, असं मनात येतं,
पण विचारत नाही.
प्रबंध महिनाअखेर द्यायचाय.

केंद्राच्या खिडकीबाहेर तेफ लोळलाय.
गव्हाच्या एका दाण्याच्या वजनात दीडशे मावतील असलं बी,
केसाएवढी काडी,
रात्रीच्या वाऱ्याने सपशेल आडवी.
तिने लिहिलं होतं : पीक झोपलं.
लाल पेन : ‘लॉज्ड’ म्हणा.
कोशात लॉज म्हणजे उतरायची जागा,
परक्या गावात, भाडं भरून.
बरं.
पीक मुक्कामाला उतरलं.

फुटवे ‘जन्मले’ नाहीत, ‘निघाले’.
‘भराभर’ नको, दिवसाला किती मिलिमीटर?
पान चाळीस, ओळ सहा, ‘सुंदर हिरवं’ :
सुंदर काढा.
किती हिरवं, त्याचं यंत्र आहे खालच्या मजल्यावर.

आणि सगळं भूतकाळात.
हे जड जातं तिला.
बाहेर लोंब्या अजून भरतायत,
वारा आला की अख्खं शेत कुशीवर वळतं,
आणि कागदावर ते केव्हाच वाढून मोकळं झालेलं.

मग ते वाक्य :
हमले महिन्याच्या वीस तारखेला माझ्या वडिलांनी बी पेरलं.
लाल पेन : कोणी, ते वाचकाला नको.
‘बी ब्रॉडकास्ट करण्यात आलं.’
रेडिओवरच्या बातम्यांसारखं.

काळी चिकण माती.
पेरणीआधी बाप मेंढरं फिरवायचा तिच्यावरून,
मेंढरं दमली की पोरं.
तुडवा, घट्ट करा, बी खोल गेलं तर येत नाही.
बोटांच्या फटींतून चिखल वर यायचा, गार.
मग तो एकटाच उतरायचा,
मुठीत बी, मनगटाला एक झटका,
आणि पेरून होईपर्यंत तोंडातून शब्द नाही.
बांधावर आई इंजेरा वाढायची,
पोरं वाढायची.

हे कुठल्या तक्त्यात घालणार?
तिने ‘माझ्या वडिलांनी’ खोडलं.
वाक्य त्याच्यावाचूनही उभं राहिलं,
न लोळता.
त्या साली कापणी भावाने केली.
तेही लिहायचं कारण नव्हतं.

पुढच्या वर्षी लेख छापून आला.
तिकडची रीत, मागचं नाव पुढे.
हिच्याकडे आडनाव नसतंच,
नावामागे बाप असतो, त्याच्या स्वतःच्या नावाने उभा.
तेव्हा आता ओस्लोत, ओसाकात,
गवताच्या काड्यांचं वजन करणारं कुणीतरी
आपल्या उताऱ्याखाली लिहितं :
बेकेले आणि इतर.

डॉक्टर वुबशेतांनी अंक उघडला,
सवयीने खिशातून पेन निघालं,
त्या नावाशी थांबलं.
अम्हारिक त्यांचीही भाषा.
बेकेले : साधा भूतकाळ,
कर्ता क्रियापदाच्या पोटातच,
वेगळा लिहावा लागत नाही, म्हणून खोडताही येत नाही.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

उगवला,
आणि इतर.