दोन पॉइंटचं लेड

एंटर दाबलं की ओळ खाली जाते, ठीक.
पण ही दोन घरं सोडून जाते,
मधे एवढी मोकळी जागा
की शनिवार पेठेत कुणी लगेच स्कूटर लावली असती.

चौतीस वर्षं तुमच्या प्रेसमध्ये खिळे जुळवले.
ओळींना हवा लागली तर लेड टाकायचो,
शिशाची पट्टी, दोन पॉइंटची, मोजून.
एखादी जास्त पडली की मालक, म्हणजे तुमचे वडील,
चष्म्यावरून बघत:
"ढमढेरे, कागद काय मुठेतून वाहत येतो?"

इथं ती न टाकताच पडते.
खोडायला जावं तर ओळी एकमेकींवर चढतात,
"आपला नम्र" थकबाकीला जाऊन चिकटतो.

वरच्या मजल्यावरची शाल्मली डोकावली,
तोंडात टूथब्रश, कॉलेजला उशीर.
"काका, शिफ्ट धरून एंटर."
एवढंच. गेली.

धरून दाबलं.
ओळी शहाण्यासारख्या बसल्या,
फर्म्यात आवळल्यागत.
आणि पत्र केवढंसं झालं!
चौतीस वर्षं, ग्रॅच्युइटी, आधीची दोन स्मरणपत्रं,
सगळं मिळून सात ओळी.
मघाशी पडदाभर होतं तेव्हा
वाटत होतं, बरंच म्हणणं आहे आपलं.

थोडा वेळ पंखा ऐकत बसलो.
मग रकमेच्या बरोबर वर
एकदा एंटर दाबलं, शिफ्ट न धरता.

वडील असते तर बोलले असते.
ही पट्टी मी हातानं टाकलीय.
हवं तर पगारातून कापा.