फरशी

फरशी मीच बसवली, ते आधी सांगतो.
दिघ्याला, पारसिकच्या पायथ्याशी, पत्र्याच्या शेडमध्ये,
कंपनीच्या शेवटच्या हिशोबातून,
पांढरी, गुळगुळीत, कोपऱ्यात उतार.
लोक म्हणतात डुक्कर म्हणजे घाण.
म्हटलं, दाखवतोच.

रबाळ्यात सतरा वर्षं फिटर होतो.
मशीन अडलं की हात कुठे घालायचा ते कळायचं.
तेवढ्या जोरावर दोन गाभण माद्या आणल्या,
मोबाईलवर अकरा व्हिडिओ पाहिले
आणि वहीत लिहिलं:
तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस.

गणित बरोबर आलं. पहाटे अडीचला पहिली आडवी झाली.
चार पिल्लं सुटली. पाचवं अडलं.
ऐरोलीच्या डॉक्टरांना फोन लावला.
"ब्रीड कोणती?" झोपेतला आवाज.
सांगितलं.
ते इतक्या सभ्यपणे नाही म्हणाले
की मीच थँक्यू म्हटलं.

सरकारी दवाखान्याच्या कुलपाखाली एक नंबर होता,
शेवटचा आकडा उन्हाने खाल्लेला.
शून्यापासून एकेक लावत गेलो.
सातावर एक बाई दचकून उठली,
"कोण गेलं?"
अजून कुणी नाही, म्हटलं. अडलीय.
"देव सोडवील," म्हणाली, आणि फोन ठेवेना.

गोजराबाई आली तेव्हा झुंजूमुंजू झालं होतं.
नाल्यापलीकडची कैकाडीण,
तिच्या दारात सासऱ्यापासून डुकरं.
तिच्याकडचा रोग नको म्हणून
मधलं कुंपण मीच घातलं होतं.
तिने त्याबद्दल काही म्हटलं नाही.
बांगड्या काढल्या, नखं दातांनी उडवली,
साबण, खोबरेल, कोपरापर्यंत हात,
आणि डोळे मिटून ती आत काहीतरी वाचत राहिली.

पाचवं मेलेलं निघालं.
त्याच्यामागे सहा जिवंत, रांगेत थांबल्यासारखी.

"आता हलू नको इथनं. आई लवंडती."
मी बसलो. नऊला चहा घ्यायला उठलो.
चहावर साय धरायच्या आत एक चेंगरलं.

उरली नऊ. मी वहीत किलोचा भाव मांडला.

सोळाव्या दिवशी त्यांचे कान उजेडात धरले
तर पलीकडचा पत्रा दिसला.
उभ्या उभ्या धापा टाकायची.
मेडिकलवाल्याने टॉनिक दिलं,
लहान मुलांचं, संत्र्याच्या चवीचं.
दोन गेली. डाग नाही, वास नाही,
इतकी स्वच्छ गेली.

गोजराबाई कुंपणाशी उभी.
"माती कुठंय?"
कसली माती?
"आरं, पिल्लू माती चाटतं. दूध पांढरं,
फरशी पांढरी. मग रगत कुठनं यावं?"

लोखंड.
सतरा वर्षं माझ्या नखात होतं.

कंपन्यांमागची माती पिवळी, नाक चुरचुरणारी.
नाल्याकाठची नको, तीच म्हणाली, तिच्यात जंत.
म्हणून डोंगर चढलो, खाणीच्या वर,
करवंदाच्या जाळीखाली हातभर खणलं
आणि सिमेंटच्या गोणीतून तांबडी माती खाली आणली.
स्वतःच्या फरशीवर ओतली.
सहा जण नाक खुपसून आले.
सातवं उठलं नाही. त्याच्या ओठाला मी बोटाने लावली.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई आल्या,
तीन ठिकाणांचा चार्ज, स्कूटीवर चिखल.
"तिसऱ्या दिवशीच लोहाचं इंजेक्शन द्यायचं.
कुणी सांगितलं नाही?"
मग नाल्याकडे बघून म्हणाल्या,
"कुंपण मात्र राहू द्या. ताप फिरतोय."
पलीकडे गोजराबाई पाणी भरत होती.
ऐकलं असेल. बादली भरून गेली तरी नळ चालू होता.

दुसरी मादी येत्या मंगळवारी.
वहीत आता तीन नंबर आहेत.
डॉक्टरीणबाईंचा. गोजराबाईच्या नातवाचा.
आणि तो, सातावर संपणारा.
त्या बाईंनीच परवा फोन केला,
"सुटली का हो तुमची?"
सुटली, म्हटलं.
"मूल?"
सहा, म्हणालो.
पुढे काय सांगावं ते सुचेना,
आणि त्याही फोन ठेवेनात.