सोमवारी बंद

रविवारी साडेनऊला आम्ही पाच जण
बोरिवलीच्या फाटकाशी. नवरा, मी, नणंद,
सहा वर्षांचा शार्दूल, ज्याचं नाव वाघाचं
आणि जो पालीलाही घाबरतो,
आणि भाऊ, माझे सासरे,
छत्तीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर,
आज इस्त्रीच्या शर्टात, पाहुण्यासारखे.

खिडकीवरून पाच तिकिटं आली.
भाऊंनी ती उन्हाकडे धरली,
अंगठ्यानं कड चाचपली,
म्हणाले, "कागद हलका झालाय."
तेवढ्यात माकडानं चकल्यांची पिशवी पळवली
आणि फांदीवर बसून एकेक चकली
चावून खाली टाकत राहिलं.
मोहन कमी पडलंय, हे त्यालाही कळलं.

बस हिरवी, खिडक्यांना जाळी.
"इथे माणसं पिंजऱ्यात, जनावरं मोकळी,"
गाइड म्हणाला, रोजचंच असावं ते,
तरी सगळे हसले.
भाऊ बसलेच नाहीत.
दाराजवळच्या दांड्याला पाठ टेकून,
एक पाय किंचित पुढे,
बस कशीही वळो, न हलणारे.
ओठ मात्र हलत होते.
ते माणसं मोजत होते.

एक फाटक उघडलं. मिटलं. मग दुसरं.
साग, पळस, वाळकं गवत,
आणि गवताच्या वर, फार लांब नाही,
कुठल्याशा टॉवरचा बाविसावा मजला,
तिथे वाळत घातलेली निळी चादर.

मग ती आली.
पोट जरा सुटलेलं, उजव्या कानाला खाच.
"जन्म हिचा इथलाच," गाइड म्हणाला,
आणि सगळे मोबाइल जाळीला चिकटले.
शार्दूल माझ्या कुशीत, एक डोळा उघडा.
ती आमच्याकडे बघतही नव्हती.
कुंपणाच्या कडेनं चालत गेली,
टाक्यापाशी वळली,
आली तशी परत.
त्या वाटेवर गवत नव्हतं.
माती घासून घासून
जुन्या पाट्यासारखी गुळगुळीत.

"रूट आहे तिचा," भाऊ म्हणाले.
"त्या ऐनाशी स्टॉप. थांबते, बघ,
कुणी चढत नाही.
टाक्यापाशी टर्मिनस.
पाटी फिरवायची की परत."
आवाजात कीव नव्हती.
ड्यूटीवरच्यानं ड्यूटीवरच्याला
ओळख द्यावी, तेवढंच.

बारा वर्षं मी या घरात आहे.
कसा गेला दिवस, विचारलं की
"गर्दी होती."
याहून लांब वाक्य त्यांच्या नोकरीबद्दल
मी आज पहिल्यांदा ऐकलं.

आणि मग, का कोण जाणे,
त्यांनी अंगठीनं दांड्यावर वाजवलं.
टण टण.
ड्रायव्हरनं मागे न बघताच गिअर टाकला.
बस निघाली.
"अहो, थांबवा! फोटो राहिला!"
नणंद ओरडली, मागचं अख्खं कुटुंब ओरडलं,
गाइड अर्ध्या वाक्यात लटकला.
ड्रायव्हरनं आरशात पाहिलं.
"कोणता डेपो?"
"देवनार."
"मी मरोळ," तो म्हणाला,
आणि बस काही थांबली नाही.

"असं का केलंत, भाऊ?" नवरा जरा चिडून.
"तिला उशीर होत होता."

दुपारी झाडाखाली पोळ्या, बटाट्याची भाजी,
फॉइलची खडखड झाली की माकडांकडे बघणं.
नणंदेचा एकच फोटो, त्यात जाळी स्वच्छ,
मागे पिवळं काहीतरी.

रात्री दिवा मालवल्यावर
शार्दूल आजोबांच्या अंथरुणात शिरला.
"वाघिणीला सुट्टी कधी असते?"
"सोमवारी. बोर्डावर होतं ना, सोमवारी बंद."
"म्हणजे उद्या."
"उद्या."
"मग उद्या ती कुठे जाईल?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही.
मी दारातून डोकावले, तर
भाऊ अंधारात उठून बसलेले,
सदऱ्याच्या खिशात हात,
समोर कुणी नोट धरून उभं आहे
आणि आपल्याकडे सुटे नाहीत, तसे.