रुमालाखालचा भाव

रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी केसपेपर काढला.
नाव हिंदुराव, वय चौपन्न, राहणार सांगलीवाडी.
खिडकीतला पोरगा म्हणाला, काय होतंय?
पुलावर उभे होते.
पडलेत काय?
नाही. रिक्षावाल्यानं धरलं.
मग लागलंय कुठं?
मी आप्पांकडं बघितलं. शर्टाची बटणं सगळी नीट.
नखांत हळद, तीस वर्षांची, साबणाला न जुमानणारी.
लागलंय कुठं, हे लिहायला
त्या कागदावर बोटभर जागा होती.

बसा म्हणाले. बसलो.

कवलापूरचा पोरगा आला, फुरसं चावलेला,
आई त्याच्या पायाकडं बघत पळत होती.
तो आत गेला. जायलाच हवा होता.
मग उसाची ट्रॉली उलटलेली, तिघं.
मग एक बाई, वाटेतच बाळंत होईल अशी.
दर वेळी आप्पा बाकाच्या कडेला सरकायचे,
गुडघे आवळून वाट द्यायचे,
यार्डात पाठीवर पोतं असलेल्याला देतात तशी.

बारानंतर दुसरी सिस्टर.
मानसिकचे डॉक्टर? ते सकाळी.
दंगा करत असतील तर इंजेक्शन देते झोपेचं.
दंगा करत नाहीत, मी म्हटलं.
मग बरंय की.

वॉचमननं मात्र खुर्ची आणून दारात टाकली.
ताई, डोळा लागला तुमचा तर म्या हाय.
आणि आमच्याकडं पाठ करून बसला,
राखण वाटू नये म्हणून.

लहानपणी सुट्टीत यार्डात न्यायचे मला.
राजापुरी हळदीची रास, भोवती अडते, व्यापारी,
आणि मध्ये एक रुमाल.
वर तोंडं पावसापाण्याचं बोलायची,
खाली दोन हात भाव करायचे.
हमालाला कोण विचारतंय भाव?
पण आप्पांना तो खांद्यांवरून कळायचा.
घरी येऊन शिकवलं मला, आईच्या पदराखाली:
बोट दाबलं की एवढं, पेर दाबलं की एवढं,
तळहातावर नख ओढलं की बास,
सौदा मोडला.

अडीचला गारठा वाढला.
शाल काढून दोघांच्या हातांवर घातली.
जरा वेळानं तिच्याखाली
त्यांनी माझी बोटं धरली.
तीन बोटं.
मग दोन.
मी समोर बघत राहिले, पाण्याच्या मशीनकडं,
त्यावर खडूनं 'बंद' लिहिलेलं.
दोन. मग एक, आणि एक पेर.
उतरता भाव होता.
कशाचा, ते रुमालाखाली विचारायची रीत नाही.
अर्धं पेर.
मग त्यांचं नख माझ्या तळहातावर टेकलं,
सावकाश, ओढायला

मी मूठ मिटली. नख आत धरलं.
दुसऱ्या हातानं त्यांचा पुरा पंजा दाबला.
वरती म्हटलं, आप्पा, च्या घेताय?
म्हणाले, हितला नगं. लई पाणचट.
परत दाबला पंजा. परत.
सौद्यात असं कुणी करत नाही,
आपल्याच बोलीवर आपण चढत जात नाही.
मी चढत गेले.
साडेपाचला फिनेलचं पोतेरं आलं,
पाय वर घ्या म्हणाली मावशी,
दोघांनी घेतले, हात तसेच.

दहा चाळीसला डॉक्टर. तरुण, डोळे सुजलेले,
तेही कुठंतरी रात्रभर उभेच असतील.
पेपर उलटापालटा करून म्हणाले,
कधीपासून?

काल नऊ दहापासून, म्हणणार होते.
की आई गेली त्या श्रावणापासून.
की कामावर निघताना शिट्टी वाजवायचे,
ती थांबली, पण कुठल्या सकाळी
ते घरात कुणाच्याच ध्यानात नाही.

आप्पाच बोलले.
लई येळ झाला, सायेब.
पोरीनं रातीपास्नं काय खाल्लं न्हाई.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं,
खुर्ची पुढं ओढली.
शाल सरकली तेव्हा दिसलं,
माझ्या तळव्यावर घामानं पिवळं उतरलंय.
हात अजून सोडलेला नव्हता.
कुणी आधी सोडायचा, ते ठरलं नव्हतं.